निम्मी पेन्शन विकली म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न : माझे बाबा पुढच्या वर्षी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी येतील. तेव्हा त्यांचं वय चव्वेचाळीस असेल. मोठे मामा लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले. त्यांनी तेव्हाच निम्मी पेन्शन विकली आणि बाबांनीही तेच करावं असा त्यांचा आग्रह आहे. आजीचं म्हणणं उलट : "महिन्याला येतो तो पैसा आपला. एकदम आला की त्याला पाय फुटतात." मला पडलेले प्रश्न असे : पेन्शन विकत कोण घेतं? भाव कोण ठरवतं? यात फायदा सरकारचा की आमचा? मधेच काही बरंवाईट झालं तर आईचं काय? आणि मामा अधिकारी, बाबा जवान. दोघांना एकच सल्ला लागू पडतो का?

ता. क. : धाकटा भाऊ अग्निवीर भरतीसाठी रोज पळायला जातो. त्याला पेन्शनच नाही म्हणतात. मग त्याचं काय?

— एक वाचक, शुक्रवार पेठ, सोलापूर

उत्तर : तुमच्या घरात मामा आणि आजी यांचं जे चाललं आहे, ते निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या बहुतेक फौजी घरांत चालतं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. प्रश्न एकेक करून घेऊ.

विकत कोण घेतं?

फक्त सरकार. दुसऱ्या कुणालाही पेन्शन विकत घेता येत नाही, गहाणही ठेवून घेता येत नाही. १८७१ चा पेन्शन कायदा अजून लागू आहे. हातात न पडलेली पेन्शन कुणाच्या नावे लिहून दिली, तर तो कागद या कायद्यानं रद्दबातल ठरतो. पेन्शनवर सावकाराला जप्तीही आणता येत नाही. म्हणून कुणी "पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) मूळ प्रत माझ्याकडे ठेवा, पैसे देतो" म्हणाला, तर त्याच्या हातात कायद्यानं काहीच येत नाही आणि तुमची मात्र अडचण होते. सरकारनं मात्र पेन्शनरच्या संमतीनं पेन्शनचा काही भाग एकरकमी पैशात बदलून द्यावा, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. कार्यालयीन कागदावर याला अंशराशीकरण म्हणतात. बराकीत, बँकेत आणि घरात सगळे पेन्शन विकणं म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

किती विकता येते? सैन्यदलांत निम्म्यापर्यंत, म्हणजे ५० टक्के. केंद्राच्या मुलकी कर्मचाऱ्यांना आणि महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना ४० टक्के. ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. दहा टक्के विका, वीस विका, अजिबात विकू नका. घरात चर्चा मात्र "निम्मी की काहीच नाही" अशीच होते. तुमच्याकडेही तशीच होत असावी.

भाव कसा ठरतो?

वयावरून, आणि एका छापील तक्त्यावरून. सहाव्या वेतन आयोगानंतर २ सप्टेंबर २००८ पासून जो तक्ता आला, तोच आजही चालतो. पुढच्या वाढदिवसाला जे वय होणार, त्या वयापुढे एक गुणांक दिलेला असतो. ४५ ला ८.९९६, ५५ ला ८.६२७, ६१ ला ८.१९४. विकलेली मासिक रक्कम गुणिले बारा गुणिले हा गुणांक, एवढंच गणित.

बाबांचं करून पाहू. समजा त्यांची मूळ पेन्शन २४,००० रुपये बसली आणि त्यांनी निम्मी विकली. वय चव्वेचाळीस पूर्ण, म्हणजे तक्त्यातली ४५ ची ओळ.

१२,००० × १२ × ८.९९६ = १२,९५,४२४ रुपये.

आज चौपन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या लेफ्टनंट कर्नलची मूळ पेन्शन हिशेबापुरती एक लाख धरा. त्यांनी ५०,००० विकले तर ५५ ची ओळ.

५०,००० × १२ × ८.६२७ = ५१,७६,२०० रुपये.

हे पैसे एकदम मिळतात आणि त्यावर प्राप्तिकर नाही. त्या बदल्यात पंधरा वर्षं दर महिन्याला बाबांच्या पेन्शनमधून १२,००० आणि कर्नलसाहेबांच्या पेन्शनमधून ५०,००० कापले जातात. पंधरा वर्षं भरली की कपात थांबते आणि पेन्शन पूर्ववत होते.

थोडक्यात, निम्मं शेत पंधरा वर्षांच्या खंडानं द्यायचं आणि सगळा खंड आगाऊ घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. शेत कायमचं जात नाही, मुदत संपली की परत येतं.

मग घरात दर महिन्याला निम्मेच पैसे येणार?

नाही. मामांना त्यांची पेन्शन स्लिप दाखवायला सांगा. तिच्यात मूळ पेन्शन, विकलेला भाग आणि महागाई भत्ता वेगवेगळे दाखवलेले असतात. महागाई भत्ता मोजतात तो विकण्याआधीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर. समजा भत्ता ५० टक्के आहे. न विकता बाबांना २४,००० अधिक १२,००० असे ३६,००० मिळाले असते. निम्मी विकल्यावर १२,००० अधिक भत्त्याचे १२,००० असे २४,००० मिळतील. म्हणजे विकली निम्मी, पण हातातली रक्कम घटली एक तृतीयांशानं. भत्ता जसा चढेल, तसा हा फरक आणखी कमी जाणवेल.

दुसरी गोष्ट म्हणजे कपातीची रक्कम गोठलेली असते. समान पद, समान पेन्शन योजनेखाली जुलै २०१४, जुलै २०१९ आणि जुलै २०२४ अशी पेन्शन नव्यानं ठरवली गेली. अशी पुढेही वाढली, तरी विकलेल्या भागापोटी कापले जाणारे १२,००० त्यामुळे आपोआप वाढत नाहीत. पहिल्या वर्षी बोचणारे १२,००० चौदाव्या वर्षी तेवढे बोचत नाहीत.

फायदा सरकारचा की तुमचा?

बाबांच्या १२,००० ची पंधरा वर्षांची बेरीज २१,६०,००० होते आणि हातात आले १२,९५,४२४. हे दोन आकडे शेजारी मांडून "सरकारनं साडेआठ लाख खाल्ले" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण आज मिळणारा रुपया आणि पंधरा वर्षांनी मिळणारा रुपया यांची किंमत एक नसते. तेरा लाखांचं गृहकर्ज काढलं तरी पंधरा वर्षांच्या हप्त्यांची बेरीज अशीच डोळे पांढरे करते. तेव्हा हा व्यवहार कर्ज समजा आणि त्याचा व्याजदर काढा.

चव्वेचाळिसाव्या वर्षी विकणाऱ्याला तो वर्षाला साधारण साडेसात टक्के पडतो, चौपन्नाव्या वर्षी आठाच्या थोडा वर आणि साठाव्या वर्षी सुमारे नऊ. तक्ता करताना व्याज ८ टक्के धरलेलं आहे. वय वाढतं तसा गुणांक उतरतो, कारण पंधरा वर्षांच्या आत माणूस जाण्याची शक्यता वाढते आणि तो गेला तर उरलेली वसुली सरकार सोडून देतं. त्या जोखमीचे पैसे वयस्काच्या गुणांकातून वळते केलेले असतात.

इथं मामा आणि बाबा यांच्यात पहिला फरक पडतो, आणि तो बाबांच्या बाजूनं आहे. तरुण निवृत्त होणाऱ्या जवानाला भाव जास्त मिळतो. शिवाय पंधरा वर्षं संपतील तेव्हा बाबा एकोणसाठ वर्षांचे असतील. त्या वयात मुलकी नोकरदार निवृत्तीची तयारी करत असतो आणि बाबांची पेन्शन मात्र तेव्हा पुन्हा पूर्ण होईल. चौपन्नाव्या वर्षी विकणारे अधिकारी तोवर एकोणसत्तरीला आलेले असतात.

दुसरा फरक करात आहे आणि तो अधिकाऱ्याच्या बाजूनं आहे. महिन्याची पेन्शन करपात्र असते, एकरकमी रक्कम करमुक्त. ज्याला वरच्या पैशांवर २० टक्के कर लागतो, त्याचे कपातीत ५०,००० गेले तरी खरं नुकसान ४०,००० चं होतं, कारण १०,००० नाहीतरी करातच गेले असते. असा हिशेब धरला तर त्याचं कर्ज पावणेपाच टक्क्यांच्या आत पडतं. इतक्या स्वस्तात कर्ज कुणी देत नाही. मामांचा आग्रह त्यांच्या अनुभवातून आला आहे आणि त्यांच्या बाबतीत तो बरोबरही असेल. बाबांच्या पेन्शनवर आजच्या दरांनी बहुधा करच लागणार नाही. त्यामुळे ही सवलत त्यांच्या वाट्याला येतच नाही आणि त्यांचा दर साडेसातच राहतो.

मधेच काही झालं तर आईचं काय?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांत आधी विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर दिलासा देणारं आहे. पेन्शनर वारला की कपात तिथंच संपते. उरलेले हप्ते पत्नीकडून, मुलांकडून किंवा घरावरून वसूल होत नाहीत. विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन विकलेल्या भागामुळे एक रुपयानंही कमी होत नाही. बँकेच्या कर्जाला हे लागू नसतं. तिथं वेगळा विमा काढलेला नसेल तर बोजा वारसांवर येतो. पेन्शन विकताना कर्ज आणि त्याचा विमा एकत्रच येतात. मघाशी पाहिलेल्या व्याजदरात हा विमाही धरलेला आहे.

पेन्शन देणारा आणि घेणारा दोघंही आयुष्याच्या लांबीवर पैज लावत असतात, हे सोलापूरकरांना इतिहासातून सांगता येईल. फेब्रुवारी १८१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. त्यानंतर चार महिन्यांत दुसऱ्या बाजीरावानं ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन तो बिठूरला गेला. रक्कम फार झाली, असं गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला तेव्हाच वाटलं होतं. बाजीराव त्यानंतर ३२ वर्षांहून अधिक जगला, आणि कंपनीला तितकी वर्षं ती द्यावी लागली. जानेवारी १८५१ मध्ये तो वारला तेव्हा कंपनीनं पेन्शन बंद केली आणि दत्तक पुत्र नानासाहेबांना ती दिली नाही. पेन्शन माणसाच्या श्वासाला बांधलेली असते. एकरकमी घेतलेला पैसा तसा बांधलेला नसतो, आणि म्हणूनच अनेकांना तो हवासा वाटतो.

पंधराच वर्षं का?

ही पंधरा वर्षं लढून मिळालेली आहेत. पूर्वी विकलेला भाग कायमचा जात असे. माणूस नव्वदीपर्यंत जगला तरी कपात चालूच राहायची आणि सरकार दिलेल्या रकमेच्या कितीतरी पट वसूल करून मोकळं व्हायचं. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे असा निवाडा दिला. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस साजरा करतात, तो यासाठी. नाकारा हे संरक्षण खात्यातले निवृत्त वित्त अधिकारी होते. त्या पाच न्यायमूर्तींच्या पीठात यशवंतराव चंद्रचूड आणि तुळजापूरकर हे दोन मराठी न्यायमूर्ती होते.

त्याच वाटेनं पुढे 'कॉमन कॉज' ही संस्था विकलेल्या पेन्शनचा प्रश्न घेऊन गेली. ९ डिसेंबर १९८६ च्या निकालानं मुलकी आणि लष्करी दोन्ही पेन्शनरांना पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन परत मिळू लागली, तीही १ एप्रिल १९८५ पासून. रक्कम सुमारे बारा वर्षांत वसूल होते, हे न्यायालयापुढे आलं होतं. पण पेन्शनरला एकरकमी पैसा वापरायला मिळतो आणि मृत्यूची जोखीम सरकार उचलतं, या दोन गोष्टी ध्यानात घेऊन न्यायालयानं पंधरा वर्षं योग्य मानली.

बारा की पंधरा हा वाद तेव्हापासून आहे. पाचव्या वेतन आयोगानं बारा वर्षांची शिफारस केली होती. केंद्रानं ती मानली नाही. केरळ सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना बारा वर्षांनी पूर्ण पेन्शन देतं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात अनेक पेन्शनर गेले, पण २०२४ च्या अखेरीस त्या याचिका फेटाळल्या गेल्या. कर्मचारी संघटनांची मागणी अजून कायम आहे.

मागणीत दम आहे का? व्याज ७ टक्के धरून मी दोन्ही टोकांचा हिशेब केला. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची रक्कम बारा वर्षं दोन-तीन महिन्यांत फिटते. म्हणजे मुलकी पेन्शनरांची तक्रार रास्त आहे, फक्त विम्याचं मोल त्यातून वजा करायला हवं. बाबांची रक्कम फिटायला मात्र चौदा वर्षं लागतात. "दहा वर्षांत फिटतं, उरलेली पाच वर्षं लूट" असं सरसकट बोललं जातं, ते चव्वेचाळिशीतल्या हवालदाराला लागू नाही.

अधिकारी आणि जवान वेगळा विचार करतात का?

करतात, आणि याचा भलामोठा पुरावा अमेरिकेत आहे. शीतयुद्ध संपल्यावर १९९२ पासून तिथल्या सैन्यानं मनुष्यबळ कमी करायला घेतलं. नोकरी सोडणाऱ्यांपुढे दोन पर्याय ठेवले : वर्षानुवर्षं ठरावीक रक्कम घ्या किंवा एकदम एक रक्कम घ्या. एकरकमी पर्याय इतका कमी होता की तो घेणारा जणू १७ टक्क्यांहून जास्त व्याजानं कर्ज काढत होता, आणि तेव्हा सरकारी रोख्यांवर ७ टक्क्यांच्या आसपास मिळत होते. सरकारनं ही तुलना करून दाखवणारी माहितीही दिली होती. तरीही निम्म्याहून अधिक अधिकाऱ्यांनी आणि नव्वद टक्क्यांहून अधिक सैनिकांनी एकदम पैसे घेतले. जॉन वॉर्नर आणि सॉल प्लीटर या अर्थशास्त्रज्ञांनी ६६,००० हून अधिक लोकांच्या निर्णयांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. सरकारची त्यात १.७ अब्ज डॉलरची बचत झाली.

सैनिक अडाणी होते म्हणून असं झालं असं मानू नका. घर नाही, पुढची नोकरी नाही, डोक्यावर कर्ज आहे, अशा माणसाला आजचा रुपया खरोखरच जास्त मोलाचा असतो. अधिकाऱ्याला थांबणं परवडतं.

पण अडचणीत विकलेल्या हक्काचं पुढे काय होतं, याचेही दाखले आहेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८० मध्ये अधिकाऱ्यांना तहहयात अर्ध्या पगाराचं वचन दिलं होतं. मार्च १७८३ मध्ये त्याऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार एकदम द्यायचं ठरलं. तोही रोख नव्हे, ६ टक्के व्याजाच्या रोख्यांत. घरी परतलेल्या अधिकाऱ्यांच्या खिशात दमडी नव्हती, त्यामुळे अनेकांनी ते रोखे मिळेल त्या भावात सटोडियांना विकले. १७९० मध्ये सरकारनं रोख्यांची पूर्ण किंमत मान्य केली तेव्हा नफा झाला तो सटोडियांचा. हयात उरलेल्या अधिकाऱ्यांना आजन्म पूर्ण पगार मिळाला १८२८ मध्ये, तेव्हा त्यांतले बहुतेक म्हातारे झालेले होते. ब्रिटनमध्ये १८३० च्या दशकात चेल्सीच्या सैनिकी संस्थेकडून पेन्शन घेणाऱ्या सुमारे चार हजार सैनिकांना पेन्शनच्या बदल्यात रोकड आणि कॅनडासारख्या वसाहतींत जमीन देऊन पाठवलं गेलं. शेतीची सवय नाही, थंडी कडक, पैसे संपलेले. अनेक जण भिकेला लागले आणि शेवटी सरकारलाच त्यांना पुन्हा थोडीफार मदत सुरू करावी लागली.

या दोन्ही ठिकाणी हक्क कायमचा गेला होता. आपल्याकडे निम्मी पेन्शन हात न लावता उरते, महागाई भत्ता पूर्ण मिळतो आणि विकलेला भाग परत येतो. आजीची भीती खोटी नाही, पण तिला लगाम घालणारे नियम इथं आहेत.

मग बाबांनी विकावी का?

मी असं विचारेन : त्या १२,९५,४२४ रुपयांना पहिल्या दिवसापासून काही काम आहे का?

डोक्यावर ११–१२ टक्क्यांचं कर्ज असेल तर पेन्शन विकून ते फेडणं हा सरळ फायद्याचा सौदा आहे. घर बांधायचंच ठरलेलं असेल तर गृहकर्जाशी तुलना करा. दर साधारण बरोबरीचा, कागदपत्रं कमी, गहाण नाही आणि विमा आत आलेला. दुकान किंवा दुग्धव्यवसाय काढायचा असेल आणि त्याचा हिशेब आधी पक्का मांडलेला असेल, तरी हरकत नाही.

पण "मिळतात तर घेऊ आणि बँकेत मुदत ठेव करू" असा विचार असेल तर नका विकू. साडेसातनं कर्ज काढून सहा-सात टक्क्यांनी ठेवायचं, यात दरवर्षी तोटाच आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२५ मध्ये ८.२ टक्के व्याज होतं आणि निवृत्त सैनिकांना तिथं साठऐवजी पन्नासाव्या वर्षीच प्रवेश मिळतो. मामांसारख्या चौपन्न वर्षांच्या माणसाला म्हणून तिचा उपयोग झाला असता. बाबांना निवृत्तीनंतर तिथं पोचायला सहा वर्षं लागतील.

शिवाय निवृत्तीच्या वेळी बाबांच्या हातात हे एकच पैसे येणार नाहीत. ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचे पैसे, आर्मी ग्रुप इन्शुरन्सची रक्कम हेही त्याच सुमाराला खात्यात जमा होतं. त्या आठवड्यात कोण कुठून भेटायला येतं ते पाहा. जुळे सोलापुरात कोपऱ्याचा प्लॉट "फक्त तुमच्यासाठी" राखून ठेवणारे येतात, दामदुप्पट योजनेचं माहितीपत्रक घेऊन लांबचा नातेवाईक येतो, विमा एजंट तर येतोच. पैशाला पाय फुटतात म्हणजे काय, हे आजीला यावरूनच माहीत असणार. आधी आलेल्या रकमेतून गरजा भागतात का ते बघा. उरलेल्या गरजेपुरतीच पेन्शन विका, मग ती पंधरा टक्के का असेना.

अर्जाबद्दल तीन गोष्टी. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केला तर सर्वसाधारणपणे वैद्यकीय तपासणी लागत नाही, नंतर लागते. म्हणून निवृत्तीच्या कागदपत्रांच्या गर्दीत घाईघाईनं ५० चा आकडा भरायची गरज नाही. एकदा विकलेला भाग मात्र नंतर मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. आणि कपात कोणत्या महिन्यापासून सुरू झाली ते लिहून ठेवा. लष्करी पेन्शन आता 'स्पर्श' प्रणालीतून येते आणि तिचा कारभार प्रयागराजच्या कार्यालयातून चालतो. पंधरा वर्षं भरल्यावर पूर्ण पेन्शन सुरू झाली की नाही, हे आपणच तपासलेलं बरं. काही अडलं तर सोलापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच.

हा निर्णय बाबांनी एकट्यानं किंवा मामांनी त्यांच्यासाठी घेऊ नये. पुढची पंधरा वर्षं घरखर्च आई चालवणार असेल, तर कपातीनंतरची रक्कम आधी तिच्यापुढे मांडा. त्यात महिना निघतो का, हे तीच सांगू शकेल.

आणि अग्निवीर भाऊ?

त्याच्यापुढे हा पेच येणारच नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, एकरकमी 'सेवा निधी' आहे : व्याजासह सुमारे ११.७१ लाख, करमुक्त. यातला निम्मा पैसा दरमहा त्याच्याच मानधनातून कापलेला असतो, निम्मा सरकार घालतं. प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेतात आणि पेन्शनचा मार्ग त्यांनाच खुला होतो.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बाबांना सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर निम्मी पेन्शन विकून सुमारे तेरा लाख मिळतील आणि वर उरलेली पेन्शन तहहयात चालू राहील. भावाला बाविशी-तेविशीत सुमारे पावणेबारा लाख मिळतील आणि महिन्याला काही येणार नाही. त्याच्याजवळ वय मात्र भरपूर असेल. त्यानं भरतीसाठी जरूर पळावं. पण चार वर्षांनी कोणतं शिक्षण किंवा कोणतं कसब घेऊन बाहेर पडायचं, हे पहिल्याच वर्षी ठरवावं. बाबांच्या पैशाला काम आधी ठरवा असं मी म्हणालो, तेच त्याला अधिक कडकपणे लागू आहे, कारण बाबांची चूक झाली तर पंधरा वर्षांनी पेन्शन परत येते, त्याच्याकडे परत यायला काही नाही.